उघडीप मिळाली म्हणून लगेच गोणी फोडू नका



तीन-चार दिवस झोडपून पाऊस थांबला की वावर पिवळं दिसायला लागतं आणि आपला हात युरियाच्या गोणीकडे जातो. पण प्रत्येक पिवळ्या पानाचं औषध युरिया नसतं. पाऊस कमी-जास्त झाला की जमिनीतल्या अन्नाचं काय होतं, ते आज समजून घेऊ. पाच मिनिटं काढून पूर्ण वाचा.

पाऊस बेभरवशाचा झालाय हे वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला निफाड भागात गारपीट झाली. २०२५ मध्ये तर मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. खताचं वेळापत्रक मात्र आपण अजून दिवस मोजूनच पाळतो. चूक तिथंच होते.

*१) पाऊस जास्त झाला तर*

युरियाचं रूपांतर जमिनीतले जिवाणू आधी अमोनियममध्ये आणि मग नायट्रेटमध्ये करतात. अमोनियम मातीच्या कणाला चिकटून राहतं. नायट्रेट चिकटत नाही, ते पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जातं. हलक्या, मुरमाड जमिनीत हे लवकर घडतं.

काळ्या जमिनीत पाणी साचलं की मातीतली हवा संपते. मग काही जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नत्र वायू होऊन उडून जातं. शिवाय हवा नसल्यानं मुळं गुदमरतात, त्यांना समोरचं अन्नही उचलता येत नाही. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत साधारण २०.७ किलो नत्र असतं. साचलेल्या पाण्यात गोणी टाकली तर त्यातलं बरंचसं पिकाला मिळतच नाही.

*२) पावसाचा खंड पडला तर*

स्फुरद आणि पालाश मातीतल्या ओलाव्यातूनच मुळापर्यंत सरकतात. ओल गेली की माती परीक्षणात भरपूर दिसणारा पालाशही पिकाला कमी पडतो. नुसत्या ओलसर जमिनीवर युरिया फेकला आणि वरून पाऊस आला नाही, तर तो अमोनिया होऊन हवेत जातो. चुनखडीच्या जमिनीत हे नुकसान जास्त.

कोरड्या मातीत बरेच जिवाणू मरतात, बाकीचे झोपी जातात. खंडानंतर पाऊस आला की उरलेले जागे होतात, मेलेल्या जिवाणूंचा आणि सेंद्रिय पदार्थांचा फडशा पाडतात आणि एकदम नत्र मोकळं होतं. म्हणून त्या पावसानंतर पीक आपोआप हिरवं होतं. त्यातच आपण युरिया दिला तर लुसलुशीत वाढ होते, मावा आणि रोग वाढतात. चार-पाच दिवस थांबा, पीक बघा, मग ठरवा.

अर्धवट कुजलेलं शेणखत उलट काम करतं. ते कुजवण्यासाठी जिवाणू जमिनीतलंच नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं.

*३) कोणतं पान पिवळं आहे ते बघा*

- खालची जुनी पानं सगळी पिवळी: नत्र कमी.
- खालच्या पानांच्या कडा करपल्या: पालाश कमी.
- शेंड्याची कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या: लोह कमी. चुनखडीच्या ओल्या जमिनीत लोह असतं, पण पिकाला घेता येत नाही. इथं युरियाचा उपयोग नाही. आधी पाण्याचा निचरा करा.
- सगळंच पीक मलूल: एक झाड उपटून मूळ बघा. पांढरं असेल तर जिवंत आहे. तपकिरी, बुळबुळीत असेल तर मूळ कुजतंय.

*४) आता काय करायचं*

*सर्व पिकं:* आधी चर काढून पाणी बाहेर काढा. वाफसा आल्याशिवाय जमिनीतून खत देऊ नका. तोपर्यंत मका, टोमॅटोला १९:१९:१९ लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात फवारता येईल. जिवाणू खतंही वाफशावर, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळूनच द्या.

*सोयाबीन:* मुळावरची गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी असेल तर रायझोबियमचं काम चालू आहे, युरिया नको. हिरवट-तपकिरी असेल तर काम थांबलंय. बहुतेक वेळा हवा कमी पडलेली असते.

*लाल कांदा:* नत्र लागवडीवेळी, ३० दिवसांनी आणि ४५ दिवसांनी असं विभागून द्या. पावसामुळे हप्ता चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका. ६० दिवसांनंतर नत्र नकोच, कांदा टिकत नाही.

*द्राक्ष:* २०२५ चा अनुभव विसरू नका. एप्रिल छाटणीनंतर घडनिर्मितीच्या काळातच पाऊस लागला. वेलीला पाणी आणि नत्र भरपूर मिळालं, ऊन मिळालं नाही. वेल वाढीला लागली आणि पुढं अनेक बागांत घड कमी निघाले. अशा वेळी नत्र बंद ठेवून, शेंडा मारून, स्फुरद-पालाशावर भर द्यावा लागतो. सध्या काडी पिकतेय, आताही नत्र नको, पालाश द्या. ऑक्टोबर छाटणीआधी माती परीक्षण करा आणि फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचे देठ तपासून घ्या.

*लक्षात ठेवा:* आधी निचरा, मग वाफसा, मग पान आणि मूळ बघणं. खत सगळ्यात शेवटी.

शंका असेल तर ग्रुपवर तीन फोटो टाका: खालचं पान, शेंड्याचं पान आणि उपटलेलं मूळ. सोबत शेवटचं खत कधी, किती दिलं ते लिहा. नुसता लांबून काढलेला प्लॉटचा फोटो पाहून सल्ला देता येत नाही.

हा संदेश आपल्या गटातल्या ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांना वाचून दाखवा.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी, नाशिक