गव्हाच्या मुलखातील गाव

स्पेन हा देश युरोप खंडाच्या नैर्ऋत्य टोकाला आहे. त्याचे नाव काढताच निळा समुद्र, संत्र्यांच्या बागा आणि माणसांनी गजबजलेली शहरे डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु समुद्रकिनारा मागे टाकून देशाच्या अंतर्भागात शिरले, की निराळाच स्पेन दृष्टीस पडतो. तेथे एक अफाट पठार पसरलेले आहे. तेथील लोक त्याला ‘मेसेता’ म्हणतात. ह्या पठाराच्या उत्तर भागात पालेन्सिया, वायादोलिद, सामोरा आणि लेओन ह्या चार प्रांतांत पसरलेला एक सपाट मुलूख आहे. त्याचे नाव ‘तिएरा दे काम्पोस’, म्हणजे शेतांचा प्रदेश. हे नाव अगदी सार्थ आहे. जिकडे पाहावे तिकडे गहू आणि सातू. झाडे मोजकी, टेकड्या बुटक्या आणि वर अथांग आभाळ. हा मुलूख समुद्रसपाटीपासून सातशे-आठशे मीटर उंच असल्यामुळे तेथे थंडी कडक पडते आणि उन्हाळाही तितकाच प्रखर असतो. “नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक” अशा अर्थाची एक म्हणच तिकडे प्रचलित आहे.

ह्या मुलखातील एका लहानशा गावी चार दिवस राहण्याचा योग मला आला. माद्रिदहून आगगाडीने पालेन्सिया शहर गाठावे आणि तेथून पुढे बसने जावे, असा रस्ता होता. महिना जूनचा होता. ओंब्या पिवळ्या पडू लागल्या होत्या आणि शेतांच्या कडेला खसखशीच्या जातीची तांबडी रानफुले डोलत होती. दुरून प्रथम दिसला तो देवळाचा दगडी मनोरा. त्याच्या माथ्यावर काटक्याकुटक्यांचे भले मोठे घरटे होते आणि त्यात पांढऱ्या करकोच्यांची जोडी पिलांसह उभी होती. तीन फेब्रुवारीला सान ब्लास ह्या संताचा सण येतो. त्या सुमारास करकोचे आफ्रिकेतून परततात, असे तेथील शेतकरी पिढ्यान् पिढ्या मानत आले. अलीकडे मात्र पुष्कळ करकोचे हिवाळ्यातही स्पेन सोडून जात नाहीत.

मनोऱ्याच्या भोवती घरे होती आणि ती जवळजवळ सगळी मातीची होती. ह्या मुलखात दगड दुर्मीळ व लाकूड महाग. म्हणून लोकांनी पायाखालची मातीच हाती घेतली. चिखलात गव्हाचा पेंढा मिसळावा, साच्यात घालून विटा पाडाव्यात आणि त्या भट्टीत न भाजता उन्हात वाळवाव्यात. अशा विटेला ते ‘आदोबे’ म्हणतात. हा शब्द मूळचा अरबी. मध्ययुगात अरबी बोलणाऱ्या लोकांनी स्पेनमध्ये कित्येक शतके राज्य केले. त्या काळात असे शेकडो शब्द तेथील भाषेत रुजले. मातीच्या जाड भिंती उन्हाळ्यात घर थंड ठेवतात आणि थंडीत ऊब धरून ठेवतात. मात्र अशा घराला माणसाचा हात सतत लागावा लागतो. वर्ष-दोन वर्षांनी गिलावा केला नाही, तर पाऊस भिंत खाऊ लागतो. गावातून फिरताना खचलेल्या भिंतींची अनेक घरे मला दिसली. त्यांत कोणी राहत नाही, हे कोणी सांगण्याची गरजच नव्हती.

गावाबाहेर शेतांच्या मध्ये मातीच्या गोल व चौकोनी इमारती उभ्या होत्या. त्यांना दारे ठेंगणी होती आणि खिडक्या नव्हत्या. ती कबुतरखाने होती. पूर्वी शेतकरी कबुतरे पाळीत. त्यांचे मांस खाण्यास होई आणि त्यांची विष्ठा उत्तम खत म्हणून शेतात पडे. शेतांतून पलीकडे पाहिले, तर कधी कधी एक थोराड पक्षी डौलाने चालताना दिसतो. तो आपल्या माळढोकाच्याच कुळातला आहे. जगातील ह्या जातीच्या पक्ष्यांपैकी निम्म्याहून अधिक पक्षी एकट्या स्पेनमध्ये आहेत. धान्याची मोकळी शेते हेच त्यांचे घर होय.

गावातील दिवस अगदी संथपणे उजाडे. सकाळी भोंगा वाजवीत पावाची गाडी येई आणि चौकात पाच-सहा वृद्ध स्त्रिया हातात पिशव्या घेऊन जमत. गावात दुकान उरलेले नव्हते. डॉक्टर आठवड्यातून दोन वेळा येत आणि पुस्तकांची मोटार ठरलेल्या दिवशी येई. दुपारी दोन-अडीचला जेवण झाले, की रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नसे. जूनमध्ये तिकडे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. ऊन उतरले, की लोक आपापल्या दारापुढे खुर्च्या मांडून बसत आणि रस्त्याच्या ह्या बाजूकडून त्या बाजूकडे गप्पा चालत.

एका वृद्ध शेतकऱ्याने मला आपले कोठार दाखविले. गावच्या शाळेतील शिक्षिकेला इंग्रजी येत होते; त्या दुभाष्याचे काम करीत होत्या. कोठारात भिंतीला टेकून एक जाड लाकडी फळा उभा होता. तो पुढच्या बाजूने किंचित वर वळलेला होता आणि त्याच्या तळाशी गारगोटीचे धारदार तुकडे ओळीने ठोकलेले होते. ह्याचे नाव ‘त्रियो’. खळ्यावर गहू पसरून त्यावर हा फळा खेचरांकडून गोल गोल फिरवीत. गारगोटीच्या धारेने पेंढा चिरला जाई आणि दाणे सुटे होत. मग वारा सुटला, की उफणणी. “फळ्याला वजन हवे, म्हणून आम्हां मुलांना त्यावर बसवीत. गुरुजी, आमच्यासाठी ती जत्राच होती!” असे सांगताना म्हाताऱ्याचे डोळे चमकले.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. रस्ता दुरुस्त करणे, पाट उपसणे अशी सगळ्यांच्या हिताची कामे निघाली, म्हणजे देवळाची घंटा विशिष्ट तालात वाजे आणि प्रत्येक घरातून एक माणूस फावडे घेऊन बाहेर पडे. ह्या श्रमदानाला तिकडे ‘आसेन्देरा’ म्हणतात. घंटेची भाषा सर्वांना समजत असे. आग लागल्याचा ताल निराळा, गारपिटीच्या ढगांचा निराळा, मृत्यूचा निराळा. धुक्यात किंवा बर्फात वाट चुकलेल्या माणसाला गावाची दिशा कळावी, म्हणूनही घंटा वाजवीत. हाताने घंटा वाजविण्याच्या स्पेनमधील ह्या परंपरेची नोंद २०२२ साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशात केली.

मग एवढे भरलेले गाव रिकामे कसे झाले? त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही.

ह्या भागातून ‘कास्तियाचा कालवा’ जातो. येथील धान्य उत्तरेकडे समुद्राच्या दिशेने नेता यावे, म्हणून तो १७५३ साली खोदण्यास आरंभ झाला आणि १८४९ साली त्याचे काम थांबले. लांबी २०७ किलोमीटर. वाटेत पाण्याची पातळी चढविण्या-उतरविण्यासाठी दरवाजांचे ४९ टप्पे. काठावरून खेचरे चालत आणि दोरांनी धान्याचे पडाव ओढीत. परंतु थोड्याच वर्षांत आगगाडी आली आणि कालव्याचा व्यापार तिच्याकडे गेला. आज त्याचे पाणी शेतीला मिळते. एका साधनाचे काम दुसऱ्याने घ्यावे, हा काळाचा नियमच आहे. पण साधन बदलले, की त्यावर जगणाऱ्या माणसांनाही हलावे लागते.

पुढे शेतीतही तसेच घडले. पूर्वी एकेका कुटुंबाची जमीन लहान लहान तुकड्यांत चहूकडे विखुरलेली असे. १९५२ सालच्या एका कायद्याने असे तुकडे एकत्र करण्यास सुरुवात झाली. पाठोपाठ ट्रॅक्टर आले, कापणीची यंत्रे आली. जे काम वीस माणसे पंधरवडाभर करीत, ते एक यंत्र दिवसा-दोन दिवसांत उरकू लागले. उत्पन्न वाढले, कष्ट कमी झाले. ही सुधारणा खरीच होती. मात्र ज्यांचे हात रिकामे झाले, ते लोक माद्रिद, बार्सिलोना, बिल्बाओ अशा शहरांकडे आणि फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड ह्या देशांकडे गेले. १९५० साली पालेन्सिया प्रांताची लोकसंख्या सुमारे २ लाख ३३ हजार होती. आज ती १ लाख ६० हजारांच्या आसपास आहे आणि त्यांतही जवळजवळ निम्मे लोक एकट्या पालेन्सिया शहरात राहतात.

तिसऱ्या दिवशी मी शाळा पाहिली. एकच खोली आणि सात मुले. सर्वांत लहान चार वर्षांचे, सर्वांत मोठा मुलगा अकरा वर्षांचा. आसपासच्या तीन-चार गावांची मिळून अशी एक शाळा धरली जाते आणि संगीत, व्यायाम, इंग्रजी ह्या विषयांचे शिक्षक गावोगाव फिरून शिकवितात. भिंतीवर गावाच्या शिवाराचा मोठा हाती काढलेला नकाशा होता. त्यावर मुलांनी बारीक अक्षरांत नावे लिहिली होती. शिक्षिकाबाई म्हणाल्या, “जमिनीचे तुकडे एकत्र झाले, तेव्हा बांध गेले आणि बांधांबरोबर शेतांची नावेही गेली. आता ती फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत. मुले रोज संध्याकाळी एकेका आजी-आजोबांना विचारतात आणि दुसऱ्या दिवशी नकाशात भरतात.”

मी काही नावांचा अर्थ विचारला. एक होते कोल्ह्याचे शेत, एक विधवेचे, एक जुन्या विहिरीचे. एका मुलीने बोट ठेवून एक कोरी जागा दाखविली. तिचे नाव कोणालाच आठवत नव्हते. “हिचे नाव आम्ही कोणाकडून आणायचे?” असे तिने मला विचारले. ह्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढील वर्षी दोन मुले मोठ्या शाळेत जाणार होती. पाचच उरणार होती. मुले पुरेशी नसली, तर शाळा बंद होते. शाळा बंद झाली, की लहान मुलांची कुटुंबे गाव सोडतात. आणि ती गेली, की नवे कुटुंब येत नाही. शिक्षिकाबाईंना ह्याचीच चिंता होती.

अशा गावांतील लोक हातावर हात ठेवून बसलेले नाहीत. ३१ मार्च २०१९ रोजी स्पेनच्या अनेक प्रांतांतील हजारो ग्रामस्थ माद्रिदला जमले. आम्हांलाही दवाखाना, रस्ते, आगगाडी व शाळा हव्यात, ही त्यांची मागणी होती. त्यांनी आपल्या मुलखासाठी वापरलेला शब्द ध्यानात घेण्यासारखा आहे. ते ‘रिकामा स्पेन’ म्हणाले नाहीत; ‘रिकामा केलेला स्पेन’ म्हणाले. एका क्रियापदाने अर्थ केवढा पालटतो पाहा! जे आपोआप झाले, त्याला कोणी उत्तरदायी नसतो. जे केले गेले, ते सुधारता येते.

शांतता दोन प्रकारची असते. दिवसभराचे काम आटोपून माणसे दारापुढे विसावली, म्हणजे जी शांतता पसरते ती समाधानाची. घरांतून माणसेच नाहीशी झाली, म्हणजे जी उरते ती ओसाडीची. शहरातून आलेल्या पाहुण्याला दोन्ही सारख्याच गोड वाटतात. त्यांतील भेद गावात राहणाऱ्यालाच कळतो. म्हणून मुलांनो, एखादे गाव पाहून “किती शांत!” असे म्हणण्यापूर्वी तेथे शाळेची घंटा वाजते की नाही, हे अवश्य विचारावे. आणि त्या सात मुलांप्रमाणे, आपल्या वडीलधाऱ्यांना जे ठाऊक आहे ते त्यांच्या हयातीतच विचारून लिहून ठेवावे. नकाशावरील कोरी जागा मागाहून भरता येत नाही.

स्वाध्याय

१. तिएरा दे काम्पोसमधील घरे मातीची का बांधीत?
२. घंटेचा उपयोग गावकरी कोणकोणत्या प्रसंगी करीत?
३. गाव रिकामे होण्याची कारणे क्रमाने सांगा.
४. ‘रिकामा’ आणि ‘रिकामा केलेला’ ह्यांतील अर्थभेद स्पष्ट करा.
५. आपल्या गावातील किंवा परिसरातील शेते, विहिरी, ओढे व वाटा यांची जुनी नावे वडीलधाऱ्यांना विचारून त्यांचा नकाशा तयार करा.