मनगटावरचे ठोके : खरे किती, खोटे किती?

परवा सकाळी ग्राउंडवर माझा रूममेट पळता पळता एकदम थांबला. चेहरा उतरलेला. "अरे, घड्याळ १६८ दाखवतंय! हार्टला काही झालं नाही ना?" वास्तविक गडी आरामात गप्पा मारत पळत होता. लगेच त्याची नाडी धरली आणि १५ सेकंद मोजली. ठोके भरले ३२, म्हणजे मिनिटाला १२८. थांबल्यावर ठोके उतरतात हे खरं, पण पहिल्या काही सेकंदांतच चाळीसने नाही! मग त्याला तसंच पुन्हा पळायला लावलं आणि पावलं मोजली. अर्ध्या मिनिटात ८४, म्हणजे मिनिटाला १६८. चोर सापडला! घड्याळ हृदय नाही, पाय मोजत होतं.

असं का होतं?

घड्याळाच्या पाठीवर हिरवे एलईडी असतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की त्वचेखाली रक्त वाढतं आणि परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. हा चढउतार फोटोडायोड टिपतो. पण हा सिग्नल मुळातच बारीक. पळताना प्रत्येक पावलाला हात हादरतो, पट्टा सरकतो, बाहेरचा उजेड आत शिरतो, आणि हा नॉइज सिग्नलपेक्षा मोठा होऊन बसतो.

इथे आपला सिग्नल प्रोसेसिंगचा पेपर आठवा. १२८ ठोके म्हणजे सुमारे २.१ हर्ट्झ, १६८ पावलं म्हणजे २.८ हर्ट्झ. दोन्ही एकाच पट्ट्यात, त्यामुळे साधा बँडपास फिल्टर काही कामाचा नाही. म्हणून अ‍ॅक्सेलरोमीटरने हालचाल मोजून ती वजा करतात. तरी कधीकधी गणित चुकतं आणि आकडा पावलांनाच चिकटतो. याला 'कॅडन्स लॉक' म्हणतात. डंबेल्स मारताना वेगळीच तऱ्हा: मनगट वाकतं, स्नायू आवळतात आणि सिग्नल बिघडतो.

अभ्यास काय सांगतात?

२०१७ मध्ये स्टॅनफर्डने ६० जणांवर ७ उपकरणं तपासली. ६ उपकरणांची ठोक्यांतली चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत मात्र सगळेच नापास! सर्वांत चांगल्याची सरासरी चूक २७ टक्के, सर्वांत वाईटाची ९३. त्याच वर्षी क्लीव्हलँड क्लिनिकने ५० जणांवर तुलना केली. ईसीजीशी छातीच्या पट्ट्याचं कोरिलेशन ०.९९ आलं, मनगटी उपकरणांचं ०.८३ ते ०.९१. कारण पट्टा प्रकाशावर नाही, हृदयाच्या विद्युत सिग्नलवर चालतो. सावळ्या त्वचेवर घड्याळ चुकतं का? ड्यूक विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात रंगामुळे लक्षणीय फरक दिसला नाही. हालचालीत मात्र चूक विश्रांतीपेक्षा सरासरी ३० टक्के जास्त होती.

मग करायचं काय?

घड्याळ मनगटाच्या हाडापासून एक-दोन बोटं वर, नीट बसेल असं बांधा. आधी पाच मिनिटं वॉर्म-अप करा. थंड हातात त्वचेकडे रक्त कमी येतं. आकडा विचित्र वाटला तर थांबा, नाडी १५ सेकंद मोजा, चारने गुणा. खर्च शून्य!

शेवटी महत्त्वाचं. खोट्या १६८ ने फार तर घाबरगुंडी उडेल. पण उलटही होतं: ठोके खरोखर वाढलेले असतात आणि घड्याळ निवांत ११० दाखवतं. छातीत दुखलं, चक्कर आली, श्वास लागला, तर आकडा बघत बसू नका. थांबा, सोबतच्याला सांगा, डॉक्टर गाठा. घड्याळ बिघडलं तर बदलून मिळेल, हृदयाला वॉरंटी नाही!