महामारी गेली, घराला लागलेली कात्री राहिली



कोरोनाची आठवण काढली की लोक ताप, मास्क, ऑक्सिजन यांबद्दल बोलतात. आम्हा वस्तीत काम करणाऱ्या परिचारिका-कार्यकर्त्यांना आठवतात ते घरातले रिकामे डबे. २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि घरकाम, नाका, हातगाडी, रिक्षा सगळंच थांबलं. त्या काळाचा अभ्यास आज करू, म्हणजे पुढच्या साथीत आपण शहाणे असू.

रोग कुठे जास्त पसरला?

जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्ततपासणीची पाहणी झाली. झोपडपट्टीत शंभरांतल्या सुमारे ५७ जणांना संसर्ग होऊन गेल्याचं दिसलं, बाकीच्या वस्तीत सुमारे १६ जणांना. “अंतर ठेवा” असं सांगितलं जात होतं. पण एका खोलीत सहा माणसं आणि सकाळी सार्वजनिक शौचालयाची रांग, तिथे अंतर आणायचं कुठून? दोष आपल्या सवयींचा नव्हता, जागेचा होता.

कमाई थांबली की घर कशाला कात्री लावतं?

घरोघरी आम्ही पाहिलेला क्रम जवळपास एकच होता. आधी दूध, अंडी, फळं बंद. मग डाळ पातळ. मग रोजची औषधं. शेवटी मुलांची शाळा. एप्रिल २०२० पासून रेशनवर माणशी ५ किलो मोफत धान्य मिळालं, त्याने पोट भरलं. पण नुसत्या भाताने अंगात रक्त वाढत नाही. त्यात घरची बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते, म्हणून पहिली कात्री तिच्याच ताटाला लागली.

कर्जाचंही तसंच. बचत गटाचा हप्ता भरायला फायनान्सचं कर्ज, ते फेडायला कानातलं गहाण. घरात मोबाईल एकच, तो भावाच्या अभ्यासाला. बहीण आईबरोबर कामाला. शाळा उघडल्या तेव्हा अशा काही मुली परतल्याच नाहीत.

आमची चूक

आमच्या वस्तीत एक मावशी चार घरची धुणीभांडी करत. त्या वर्षी आम्ही त्यांच्या दारी तीन वेळा गेलो. ताप मोजला, बोटाला यंत्र लावलं, वहीत ‘ठीक’ लिहिलं. त्यांच्या बीपीच्या गोळ्यांचं मात्र विचारलं नाही. पैसे पुरावेत म्हणून त्या अर्धी गोळी एक दिवसाआड घेत होत्या, पुढे तीही बंद केली. पावसाळ्यात त्यांना लकवा मारला. कोरोना त्यांना झालाच नाही, म्हणून साथीच्या कुठल्याच आकड्यात त्या नाहीत.

टीबीचंही असंच झालं. देशात २०१९ मध्ये सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली, २०२० मध्ये सुमारे १८ लाखांची. टीबी कमी झाला नव्हता. रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचले नव्हते.

आता काय करायचं?

१. बीपी, शुगर, फिट, टीबी यांची औषधं स्वतःच्या मनाने कमी किंवा बंद करू नका. पैसे नसतील तर लाजू नका, सांगा. सरकारी दवाखान्यात टीबीचे उपचार मोफत आहेत. बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठीही तिथेच आधी विचारा. घरात पंधरा दिवसांच्या गोळ्या शिल्लक ठेवा.

२. टीबीच्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी दरमहा १,००० रुपये खात्यात मिळतात. दवाखान्यात नाव आणि खातं नोंदवलं आहे का, ते तपासा.

३. बाळाची लस चुकली असेल तर घाबरू नका. पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेले डोस पुढे देतात. कार्ड घेऊन जा.

४. घरात सगळ्यांची ताटं एकाच वेळी वाढा, आईचंही.

५. रेशनकार्डावर प्रत्येकाचं नाव हवं. दवाखान्याचे रिपोर्ट आणि मृत्यूचा दाखला जपून ठेवा. कोरोनाने गेलेल्यांच्या घरच्यांना ५०,००० रुपयांची मदत जाहीर झाली, तेव्हा कागद नसल्याने आमच्या काही भगिनींना फार हेलपाटे घालावे लागले.

६. विहारात एक वही ठेवा: कोणत्या घरी रोजचं औषध चालू आहे, कोण गरोदर आहे, कोण एकटं राहतं. टाळेबंदीत याच विहारांतून तांदूळ-डाळ वाटली गेली. वही असती तर गोळ्याही पोहोचल्या असत्या. वही महिला मंडळातल्या दोघींकडेच असावी, कारण कुणाचा आजार चारचौघांत वाचायचा नसतो.

येत्या रविवारी वंदनेनंतर ही वही सुरू करा. प्रत्येक घरी पहिला प्रश्न एकच विचारा: गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात?