गावरान कापूस आणि अमेरिकन कापूस

मुखेड

चि. पूनम,


नवीन प्रजाती कशी तयार होते हा धडा तू पाठ करतेयस, असं वहिनी म्हणाल्या. पाठ करू नकोस, पोरी. दोन प्रजातींची फारकत नेमकी कुठल्या टप्प्यावर होते, ते आधी शोध.

लालकंधारी आणि देवणी गाईंचा रंग वेगळा, बांधा वेगळा. तरी त्यांच्या संकराची कालवड पुढे गाभण राहते. म्हणजे प्रजाती एकच.

कापसाचं तसं नाही. आजोबांच्या काळचा गावरानी कापूस देशी, 26 गुणसूत्रांचा. आज शिवारात उभा आहे तो अमेरिकन, 52 चा. दोघांचा संकर केला तर बहुतेक बोंडं कोवळी असतानाच गळतात. एखादं बी हाती लागलंच, तर झाड वाढतं, फुलतं, पण वांझ राहतं. त्याच्यात 39 गुणसूत्रं असतात. देशीकडून आलेली 13 अमेरिकनमधल्या 13 शी जुळतात. उरलेल्या 13 ना जोडीदारच नसतो.

ती 13 आली कुठून? दहा-वीस लाख वर्षांपूर्वी अमेरिका खंडात देशीच्या गोतातल्या एका कापसाचा आणि पेरूतल्या रानकापसासारख्या दुसऱ्याचा संकर झाला. तोही वांझच राहायचा, पण त्याची गुणसूत्रं दुप्पट झाली. प्रत्येकाला जोडीदार मिळाला, बी धरलं. आणि तिथेच तो आपल्या दोन्ही पूर्वजांपासून तुटला, कारण त्यांच्याशी संकर केला की पुन्हा 39. डोंगर-नद्या आड येऊन हजारो पिढ्यांत प्रजाती वेगळ्या होतात, हे पुस्तकातलं खरंच आहे. पण एवढी मोठी फारकत मोजक्या पिढ्यांतही होते, याचं मला अजून नवल वाटतं.

संकराची संतती पुढे वाढली की प्रजाती एकच, या व्याख्येवर मात्र फार विसंबू नकोस. 1972 चा ‘वरलक्ष्मी’ हा संकरित वाण दोन वेगळ्या प्रजातींचा, दोन्ही 52 च्या. पहिली पिढी भरघोस येते. तिचंच बी पेरलं तर पुढच्या पिढीत बरीच खुरटी, निकस झाडं निघतात. वेगळेपण असं अर्धवटही असतं, आणि अभ्यासायला तेच खरं मोलाचं.

दसऱ्याला ये. बांधाकडेला देशीच्या दोन ओळी लावल्यात. संध्याकाळी अमेरिकनच्या कळीतले पुंकेसर काढू, सकाळी देशीचा पराग लावू. शेजारच्या फुलांना अमेरिकनचाच पराग लाव, म्हणजे तुलना होईल. कुठलं बोंड कितव्या दिवशी गळलं, ते वहीत तूच लिहायचं.

तुझा काका