उल्हास नदीवरील रायते पूल
(इयत्ता चौथी व पाचवी : परिसर अभ्यास, पाठ-टिपण)

हेतू : पूल कशाने टिकतो व पुराच्या वेळी त्यावरून का जाऊ नये, हे मुलांस समजावून देणे.

विषयप्रवेश : शिक्षकांनी फळ्यावर उल्हास नदीचा मार्ग रेखाटावा. राजमाचीच्या परिसरात उगम पावून ही नदी कर्जत, बदलापूरवरून वाहत येते व वसईच्या खाडीवाटे समुद्रास मिळते. सन १९४९ मध्ये निर्वासितांच्या छावणीस उल्हासनगर हे नाव मिळाले, ते या नदीवरूनच. कल्याणहून मुरबाड व माळशेज घाटमार्गे अहिल्यानगरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ही नदी रायते येथे ओलांडतो.

विवेचन : सह्याद्रीवर पडलेला पाऊस काही तासांतच या सखल प्रदेशात उतरतो. २६ जुलै २००५ रोजी बदलापूर पाण्याखाली गेले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. आतील हजारावर प्रवाशांस सुखरूप बाहेर काढण्यात आले. जुलै २०२१ च्या पुरात रायते पुलालगतचा रस्ता वाहून गेला.

येथे मुलांस विचारावे : पूल उभा राहिला, मग रस्ता का गेला? पुलाचे खांब खोल पायावर उभे असतात. परंतु त्यास जोडणारा रस्ता माती-मुरुमाच्या भरावावर असतो. पाणी भरावाची कड पोखरते. वरचे डांबर जागच्या जागी दिसते, खाली मात्र पोकळी झालेली असते. खांबाभोवतीची वाळूही प्रवाह उकरून नेतो.

महाडजवळील सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला. अंधारात ते न कळल्याने दोन एस. टी. गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. पुढे ५ जून २०१७ रोजी नवा पूल खुला झाला.

प्रयोग : परातीत वाळू पसरून मधोमध एक दगड अर्धा रोवावा. परात किंचित कलती धरून तांब्याने पाणी सोडावे. दगडाभोवती खळगा पडून तो कसा कलतो, हे मुलांनी पाहावे.

स्वाध्याय : आपल्या गावी पुराचे पाणी कोठवर चढले होते, हे वडीलधाऱ्यांस विचारून नकाशात दाखवा.

सूचना : पुलावर पाणी असल्यामुळे विद्यार्थी शाळेत न आल्यास त्यास बोल लावू नये. पाणी पाहून मागे फिरलेल्या मुलास हा पाठ समजला, असेच शिक्षकांनी मानावे.