सूनबाईला सांगितलंस का?

परळ, मुंबई
सप्टेंबर २०२५

चि. सोन्या,


काल तुझ्या ताईचा फोन आला. ऑफिसचं काम आहे असं घरी सांगून तू लास वेगासला गेलास म्हणे. तिथल्या सर्का कॅसिनोत एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या, सर्व्हायव्हर पूलच्या दहा एंट्र्या घेतल्यास, एकेक हजार डॉलरची. पैसे घराच्या डाउन पेमेंटसाठी बाजूला ठेवलेले. ताईसमोर हे तुझ्या तोंडून निसटलं, पण सूनबाईला अजून पत्ता नाही. खरं आहे का हे?

रागवायच्या आधी मी नियम समजून घेतले. दर टप्प्याला एक टीम निवडायची. ती हरली की एंट्री बाद, आणि एकदा घेतलेली टीम पुन्हा घ्यायची नाही. शेवटी टिकतील त्यांनी जमलेले पैसे वाटून घ्यायचे. हंगामाचे १८ आठवडे, शिवाय थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमसचे वेगळे टप्पे धरून २०. तू ताईला म्हणालास, "दहा आहेत, एखादी तर शेवटपर्यंत जाईलच." तुला संभाव्यता मी शिकवली आहे रे! दर वेळी तुझी टीम जिंकण्याची शक्यता ७५ टक्के धर. वीसही टप्पे पार होण्याची शक्यता सुमारे ३१५त एक. दहाही एंट्र्या वेगळ्या वाटांनी गेल्या तरी सगळ्या मिळून तीन टक्क्यांच्या आसपास. बाकीचे सगळे आधीच बाद झाले तर वीसपर्यंत जावं लागत नाही, हे मान्य. पण गेल्या वर्षी तिथे १४,२६६ एंट्र्या होत्या.

आणि या दहा एंट्र्या तू एकाच टीमवर लावतोस, हे ऐकून तर मी हबकले. मग दहा कशाला, ती दहा हजारांची एकच एंट्री झाली. २०२४च्या पहिल्याच आठवड्यात सिनसिनाटी बेंगल्स घरच्या मैदानावर न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडून १६-१० असे हरले. सगळं त्यांच्यावर लावलेल्यांचा हंगाम तिथेच संपला. दोन एंट्र्या ८० टक्केवाल्या एकाच टीमवर लावल्यास, तर दोन्ही एकदम जाण्याची शक्यता २० टक्के. एक तिच्यावर आणि दुसरी वेगळ्या सामन्यातल्या ७५ टक्केवालीवर लावलीस, तर फक्त ५. मात्र दोन्ही टिकण्याची शक्यता ८०वरून ६०वर येते. विभागणीने धास्ती कमी होते, एंट्रीची किंमत वाढत नाही. ती वाढते गर्दी टाळल्याने. निम्मा पूल ज्या टीमवर बसलाय ती सोडून जवळपास तेवढीच भक्कम दुसरी घ्यावी. गर्दीची टीम हरली तर उरलेल्यांचा वाटा जवळजवळ दुप्पट होतो. थँक्सगिव्हिंगला सामने मोजकेच असतात, त्यासाठी चांगल्या टीम राखून ठेवाव्या लागतात. सर्का जमलेल्या पैशांतून काही कापून घेत नाही, तरी सरासरीने हजाराचे हजारच परत येतात. त्याहून जास्त हवं तर हजारो जाणत्या माणसांपेक्षा सरस खेळावं लागतं.

पण सूनबाईला सांगितलंस का?

थोरल्या मामाचं तुला ठाऊक आहे, सगळं नाही. मटका सुरुवातीला न्यू यॉर्कच्या कापसाच्या दरांवर चालायचा. मामा मिलमध्ये लागला तेव्हा आकडे मडक्यातून निघत. त्याच्या खिशातली मटक्याची चिठ्ठी मला सापडली, तेव्हा मी कॉलेजात होते. "हिला सांगू नकोस," एवढंच तो म्हणाला, आणि मी गप्प राहिले. पेढीचा माणूस दारात आला तेव्हा मामीला कळलं. पैसे त्याने पुढे फेडले. मामी मात्र त्याच्याशी पूर्वीसारखं मोकळं कधी बोलली नाही. मी वेळेवर बोलले असते तर, असं अजून मनात येतं. म्हणूनच आज तुला लिहितेय.

तू मामा नाहीस, जाणते मी. व्हिसाची धाकधूक, घरांच्या किमती, आईच्या औषधांचा खर्च, हे सगळं एकट्याने उरावर घेतोस. एका फटक्यात मोकळं व्हावंसं वाटलं असेल. पण सूनबाई तुझ्याबरोबर कमावते, काटकसर करते. तिला एंट्र्या दाखव, हिशेब दाखव, वेगासचंही खरं काय ते सांग. ती चिडेल. चिडू दे.

एंट्र्या पुढे खेळायच्याच असतील तर दोघं बसून ठरवा. पैसे गेले, तर माझी एक ठेव डिसेंबरात सुटतेय. ती तुमच्या घरासाठीच ठेवली होती, हे ताईलाही माहीत नाही. आधी सूनबाईशी बोल, मग मला फोन कर. तिकडचे रविवारी दुपारी एकचे सामने म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, मी जागीच असते. एकटा बसून सामना बघू नकोस, बाळा. नीट जेवत जा.

तुझी,
मावशी