जाळी स्वस्त, कोंबड्या महाग

खुराडं बांधून देणाऱ्या त्या माणसाचं नाव मी लिहीत नाही. कळमेश्वर-काटोल पट्ट्यात तो अजून कामं घेतो, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. पण एक गोष्ट लिहून ठेवते, कारण त्याने नंतर गावभर सांगितलं, 'मॅडमनंच सस्त्यातली जाळी मागितली.' मी मागितली नव्हती. अर्धा इंची वेल्डमेश लावा म्हटलं होतं. त्यावर उत्तर आलं, "काही नाही होत ताई, सगळे हेच लावतात." हेच म्हणजे ती षटकोनी भोकांची, बोटाने वाकणारी पातळ जाळी.

एका सकाळी बघते तर दार बंद, कडी जागेवर, जाळी कुठेही फाटलेली नाही. आणि खाली जाळीला लागून दोन गिरीराजा कोंबड्या पडलेल्या, मुंडकंच नाही. तिसरीची तंगडी गेलेली, ती अजून जिवंत होती. बाकीच्या वरच्या दांडीवर एकमेकींना चिकटून बसलेल्या. एका भोकाच्या कडेला पिसं अडकली होती आणि रक्त जाळीच्या बाहेरच्या बाजूला होतं. तिथे डोक्यात प्रकाश पडला. जनावर आत शिरलंच नव्हतं. घाबरून जाळीला टेकलेल्या कोंबड्या बाहेरूनच ओढल्या होत्या. ओल्या मातीत उमटलेल्या पावलांना नखांच्या खुणा नव्हत्या, म्हणजे कुत्रं नाही, मुंगूसही नाही. रानमांजर. त्याचा मला राग नाही, ते त्याचं पोट भरत होतं.

राग आला तो दुपारी आलेल्या त्या खुराडं बांधणाऱ्या माणसाचा. जाळीकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. "कुत्रं नाही पाळलं का?" मग, "तुमालेच कोंबड्या राखता नाही येत, त्याले मी काय करू?" आणि निघता निघता दोन फुकटचे सल्ले: रात्री जाळीत लाईन सोडा आणि मेलेल्या कोंबड्या नाल्यात फेका.

दोन्ही ऐकू नका. अशा थेट वीज सोडलेल्या तारांना लागून विदर्भात वाघही मेलेत, माणसंही. शिवाय रानमांजर आणि मुंगूस दोघांनाही 1972च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे, केस तुमच्यावर होईल, सल्ला देणाऱ्यावर नाही. आणि नाल्यातली कोंबडी कोण खातं, याचा जरा विचार करा. डिसेंबर 2024मध्ये इथेच गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले, तपासणीत बर्ड फ्लू निघाला. मेलेली कोंबडी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. अंगावर जखम नसताना एकापाठोपाठ एक मरायला लागल्या, तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

आता खुराड्याचं. जाळी अर्धा इंची वेल्डमेशच घ्या, आणि ती जमिनीत हातभर गाडून बाहेरच्या बाजूला वळवा, नाहीतर मुंगूस खालून उकरतं. बसायची दांडी जाळीपासून हातभर आत. दाराला साध्या कडीवर भागवू नका, कुलूप नाही तरी स्प्रिंगचा हूक लावा. दारासमोर रोज संध्याकाळी राख पसरली तर सकाळी कोण आलं होतं ते कळतं. पिल्लं घेताना मानमोडीवरची लासोटाची लस कधी दिली, तारीख विचारा. 'दिली आहे' एवढंच म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, मानमोडी आली की खुराडं रिकामं होतं. बाकी पाणी रोज बदला, स्वच्छता ठेवा, मे महिन्यात ओलं गोणपाट टाका, हे कुणीही सांगेल.

बागेत कोंबड्या मोकळ्या सोडून किडे खाऊ द्यायचे, ही कल्पना फोटोत छान दिसते. मेथी-सांबाराचा (कोथिंबिरीचा) वाफा त्या सकाळभरात उपसतात, आणि संत्र्याच्या आळ्यात उकरून वरची बारीक मुळं उघडी पाडतात. भाजीला वेगळं कुंपण लागतंच. बागेत येणाऱ्या वानरांवर मात्र उपाय मला सापडलेला नाही, कुणाला सापडला असेल तर सांगा.

त्या माणसाची उरलेली रक्कम मी दिलेली नाही, देणारही नाही. तुम्ही काम सांगाल तेव्हा जाळीचा तुकडा आधी हातात घेऊन वाकवून बघा, आणि शेवटचा हप्ता पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवा.